चषक कनूला, गर्दी डिंगीला

१९३३ साली दोन इंग्रज आपापली शिडाची कनू जहाजावर चढवून अमेरिकेला गेले आणि १८८६ पासून तिथेच मुक्काम ठोकून बसलेला न्यूयॉर्क कनू क्लबचा आंतरराष्ट्रीय चषक घेऊन परतले. एकाचं नाव रॉजर डी क्विन्सी, दुसऱ्याचं अफा फॉक्स. या फॉक्सला शिडाच्या जगात तोवर ओळखत होते ते डिंगीसाठी. १९२८ मध्ये त्याने ‘अ‍ॅव्हेंजर’ नावाची चौदा फुटी डिंगी पाण्यात सोडली होती आणि त्या एका हंगामात ५७ शर्यतींपैकी ५२ मध्ये तो पहिला आला होता.

असं हुकमी वाहन दारात उभं असताना माणूस दुसऱ्या जातीच्या होडीकडे का वळतो? आणि ती दुसरी होडी इतकी सरस ठरली, तर आज जगभरच्या धक्क्यांवर डिंग्याच रांगेने उभ्या का दिसतात? या प्रकरणातले प्रश्न हे दोनच.

कनू बरी की डिंगी हा वाद शिडवाल्यांमध्ये नेहमीचाच, आणि बहुतेक वेळा तो भलत्याच जोड्या लावून घातला जातो. एकीकडे आजोबांच्या काळातली जड डिंगी, दुसरीकडे कार्बन फायबरची नवी कोरी कनू. फॉक्सच्या प्रकरणात हा घोळ नाही. बांधणारा हात तोच, लाकडाचं काम त्याच पद्धतीचं, मध्ये अंतर जेमतेम पाच वर्षांचं. फरक उरतो तो होडीच्या आकाराचा आणि माणूस तिच्यात कुठे बसतो याचा.

नावांची एक गंमत सांगून पुढे जातो. डिंगी हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. हिंदी-बंगालीतली नदीवरची छोटी डिंगी ती हीच. कनू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा, स्पॅनिश खलाशांच्या तोंडून युरोपात पोचलेला. इंग्लंडच्या पाण्यात ज्यांची झुंज लागली, त्या दोघींची नावं परमुलखातली.

आकार एका वाक्यात सांगता येतो. डिंगी आखूड, रुंद, मागचा भाग कापल्यासारखा सपाट. कनू लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वरून बरीचशी झाकलेली. बाकी सगळे गुणदोष यातूनच निघतात.

१८८६: आत बसणारे आणि वर बसणारे

कनूला शिडाचा छंद लावला तो स्कॉटिश वकील जॉन मॅकग्रेगरने. १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची ओकच्या लाकडाची कनू बांधून घेऊन तो एकटाच युरोपातल्या नद्या फिरला. तिच्यावर शीड होतं, पण नावापुरतं. वारा मागून आला तर उभारायचं, नाहीतर वल्हं आहेच. त्याच्या प्रवासवर्णनामुळे इंग्लंडात कनूची लाट आली, १८६६ मध्ये क्लब निघाला, आणि क्लब निघाला की शर्यती आल्याच. शर्यतीत वल्ह्याला वाव नाही, म्हणून शीड मोठं होत गेलं. शीड मोठं झालं की अरुंद होडी कलंडते. मग ती सरळ ठेवायची कशी?

इंग्रजांचं उत्तर होतं नीरम. तळाशी शिसं ठेवा, जड पातं खाली सोडा आणि स्वतः आत खोल बसा. वॉरिंग्टन बेडन-पॉवेल (बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलचा थोरला भाऊ) आपल्या ‘नॉटिलस’ नावाच्या कनू अशाच बांधायचा. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाला कोरडं राहायचं असतं, रात्री त्याच होडीत झोपायचं असतं. पण १८८६ मध्ये तो आणि वॉल्टर स्टुअर्ट अमेरिकेत शर्यतीला गेले तेव्हा समोर हलक्या, नीरम नसलेल्या कनू उभ्या होत्या आणि त्यांचे चालक आत न बसता वर, डेकवर बसून वाऱ्याच्या बाजूला झुकत होते. वजन दोन्हीकडे होतं. पण अमेरिकनांचं वजन स्वतःहून हलत होतं, आणि जिथे हवं तिथे जात होतं. पाहुणे हरले.

त्यानंतर काही वर्षांतच मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावच्या पॉल बटलरने पुढचं पाऊल टाकलं. अंगाने तो किरकोळ, डेकवर बसून झुकला तरी होडी दबेना. त्याने डेकवर आडवी सरकणारी फळी बसवली. फळी वाऱ्याच्या बाजूला ढकलायची आणि तिच्या टोकावर, चक्क पाण्यावर अधांतरी बसायचं. किरकोळ माणूस भारी झाला. सरकत्या सीटचा जन्म हा असा, एका हडकुळ्या माणसाच्या गरजेतून झाला.

कोकणातला वाचक इथे गालात हसेल. अरुंद होडीला बाहेर काहीतरी अडकवून सरळ ठेवायची, हे आपल्या मच्छीमारांना कुणी शिकवायला नको. उलांडीची होडी तीच तर आहे: मूळ होडी चिंचोळी, आणि दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. पण एक फरक मोठा आहे. उलांडी स्वतः तरंगते, तिला माणूस लागत नाही. माणसाचे हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. बटलरच्या फळीवर मात्र माणूस हीच उलांडी. तो जागचा हलला, चुकला, दमला, तर होडी उलटली. पोटासाठी समुद्रावर जाणारा असली फळी कधीच लावणार नाही. ही खेळाची युक्ती आहे, आणि हे पुढे लक्षात ठेवावं लागेल.

फॉक्सची डिंगी

फॉक्स आइल ऑफ वाइटवरच्या काऊझचा. शिकाऊ म्हणून तो वेगवान मोटरबोटी आणि पुढे समुद्री विमानं बांधणाऱ्या सॉन्डर्सच्या कारखान्यात होता. तिथे त्याने एक गोष्ट पाहिली: होडीला पुरेसा जोर मिळाला आणि तळाचा आकार बरोबर असला, तर ती पाणी कापत न बसता पाण्यावर चढते आणि घसरत सुटते. इंग्रजीत ज्याला प्लेनिंग म्हणतात ते हेच. तळ्यावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढल्या असतील त्याला वेगळं समजवायला नको.

याचं महत्त्व समजायला थोडं गणित लागतं. पाणी कापत जाणारी होडी स्वतःचीच लाट उठवते आणि एका वेगाला त्या लाटेच्या खळग्यात अडकते. हा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. चौदा फुटांना ५ नॉट, सतरा फुटांना साडेपाच. त्यापुढे जायचं तर दोन वाटा. एक, लाटेवर चढून घसरायचं; त्याला रुंद, सपाट मागचा भाग आणि भरपूर जोर हवा. दुसरी, होडी इतकी बारीक करायची की लाटच मोठी उठू नये.

‘अ‍ॅव्हेंजर’ ही पहिली वाट. पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखा धारदार तळ, मागे सपाट होत गेलेला. डिंग्या त्याआधीही एखाद्या झोतात घसरत असतील, पण ठरवून, आकारात बांधून ते साधलं फॉक्सने. त्याच साली तो आणखी दोघांना घेऊन याच उघड्या चौदा फुटी होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या ल हाव्रला गेला आणि तशीच परत आणली. हा वेडेपणा झाला. पण डिंगीच्या बाजूने यापेक्षा बोलकी साक्ष नाही. शर्यतीसाठी बांधलेल्या हलक्या होडीत तीन माणसं आणि त्यांचं सामान मावलं, आणि रात्रीच्या समुद्रात ती तरली. कनूत हे कसं करणार?

मग कनूकडे का?

फॉक्सच्या मनातलं सांगायला मी कोण. पण आकडे मांडले की ओढ कळते. खालचा हिशेब माझा, ढोबळ आहे.

त्या काळच्या चौदा फुटी डिंगीचा सांगाडा २२५ पौंडांचा, म्हणजे १०२ किलोचा. डोलकाठी, शिडं, सामान धरून आणखी ३५ किलो, दोन माणसं १५० किलो. एकूण २९० च्या आसपास. शीड सव्वाशे चौरस फूट, म्हणजे ११.६ चौरस मीटर. कनूचा सांगाडा ६५ किलो धरू, सीट आणि बाकी सगळं २५, माणूस एकच, ७५. एकूण १६५. शीड १० चौरस मीटर. डिंगीला वजनाच्या दर किलोमागे ४०० चौरस सेंटिमीटर शीड मिळतं, कनूला सहाशेच्या वर. वारा तोच, पण कनूतल्या किलोला दीडपट ढकलणारं कापड.

कापड वाढवणं कुणालाही जमतं, ते उभं धरणं अवघड. डिंगीतले दोघे काठावर बसून बाहेर झुकले की त्यांचं वजन मध्यरेषेपासून साधारण १.१ मीटरवर पडतं. १५० गुणिले १.१, म्हणजे १६५. कनूतला एकटा फळीच्या टोकावर, दीड मीटरवर. ७५ गुणिले दीड, म्हणजे ११२. एकूण ताकद डिंगीची जास्त. पण प्रत्येक आकड्याला होडीच्या एकूण वजनाने भागा: डिंगी ०.५७, कनू ०.६८. आणि तेही लांबी रुंदीच्या पाचपट असलेल्या, लाट न उठवणाऱ्या सांगाड्यावर. डिंगीची लांबी रुंदीच्या तिप्पटही भरत नाही.

वारा मंद असताना डिंगीचा तो सपाट मागचा भाग पाण्यात बसतो आणि मागे भोवऱ्यांची शेपटी ओढत नेतो. कनूचं मागचं टोक निमुळतं, पाणी शांतपणे मिटतं. वारा मध्यम झाला की डिंगी लाट चढण्याच्या खटपटीत असते. कनूला चढायला लाटच नसते. फार जोराच्या वाऱ्यात, मागून वारा घेऊन धावताना मात्र रुंद डिंगी निश्चिंत सुटते आणि कनूवाल्याला दहाही बोटांनी लक्ष द्यावं लागतं.

फॉक्स आणि डी क्विन्सी यांनी केलेली खरी हुशारी नियमांच्या वाचनात होती. इंग्लंडचे कनूचे नियम वेगळे, अमेरिकेचे वेगळे. दोघांनी अशा होड्या काढल्या की दोन्ही नियमांत बसाव्यात. डी क्विन्सीची ‘ईस्ट अँग्लियन’, फॉक्सची ‘व्हॅलियंट’. अमेरिकी कनूंवर तेव्हा दोन डोलकाठ्या आणि दोन शिडं असत. इंग्रजांनी एकच उंच डोलकाठी लावली, पुढे छोटं जिब आणि मागे मुख्य शीड, म्हणजे सरळसरळ डिंगीची मांडणी. त्याखाली बटलरची सरकती सीट. यजमानांची सीट आणि स्वतःच्या डिंगीचं शीड घेऊन त्यांनी यजमानांनाच हरवलं. पुढे दोन्ही देशांचे नियम जुळवून जी दहा चौरस मीटरची आंतरराष्ट्रीय कनू ठरली, तिचा उगम या मोहिमेत आहे.

त्यामुळे १९३३ चा निकाल ‘कनूने डिंगीला हरवलं’ असा वाचू नये. समोर डिंगी नव्हतीच. फॉक्सने डिंगीत शिकलेलं कनूत घातलं, आणि एका माणसाला त्या वजनात जितका वेग मिळू शकतो तितका काढून दाखवला.

फळीच्या टोकावर

माझी शिकवणी डिंगीवरच झाली, मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात, दोघांच्या होडीत पुढच्या शिडाची दोरी सांभाळत. तेव्हा पुढचं लिहिताना माझा थोडा कल डिंगीकडे झुकला तर वाचकाने समजून घ्यावं.

कनूत एकटा माणूस एका हातात मुख्य शिडाची दोरी आणि दुसऱ्यात सुकाणूचा लांब दांडा धरून फळीवर बसलेला असतो. जिबही त्यालाच बघायचं. आता टॅक मारायचा, म्हणजे वारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचा. फळीवरून आत सरकायचं, शिडाखालून वाकून जायचं, जिबची दोरी सोडून दुसरी ओढायची, फळी दुसऱ्या बाजूला ढकलायची आणि तिच्यावरून बाहेर जायचं. मधल्या दोन-तीन क्षणांत मीटरभर रुंदीच्या होडीला आधार कुणाचाच नसतो. डिंगीत हेच करताना घोटाळा झाला तर होडी डुगडुगते, आपण हसतो. कनूत घोटाळा झाला तर पोहतो.

त्याहून वाईट म्हणजे वारा अचानक पडला तर. डोंगरांच्या कुशीतल्या तलावावर हे सारखं होतं. डिंगीच्या काठावर बसलेला माणूस पाय ओढून आत येतो, काम झालं. फळीच्या टोकावरचा मीटर-दीड मीटर दूर असतो. तो आत पोचेपर्यंत होडी त्याच्या बाजूला कलते आणि त्याला उलटं, वाऱ्याच्या दिशेने पाण्यात बुडवते. अनुभवी माणूस झोत कमी होण्याआधीच पाण्याचा रंग वाचून आत सरकायला लागतो. हा ‘अनुभवी’ व्हायला किती वेळा भिजावं लागतं, हा खरा खर्च.

आणि धक्क्यावर? डिंगी बांधून चहा प्यायला जाता येतं. कनू माणूस उतरताच आडवी होऊ पाहते.

एक गोष्ट मात्र कनूच्या बाजूने निर्विवाद आहे: जोडीदार शोधावा लागत नाही. रविवारी सकाळी फोनवर ‘आज जमत नाही रे’ ऐकून घरी बसलेल्या डिंगीवाल्यांना याची किंमत कळेल. शिवाय मी इथवर शर्यतीच्या कनूबद्दलच बोलतोय. मॅकग्रेगरच्या वंशातली फिरस्तीची कनू, छोटं शीड, फळी नाही, वल्हं सोबत, ही वेगळीच चीज. वारा पडला तर वल्हवा, गुडघाभर पाण्याच्या खाडीत शिरा, संध्याकाळी दोघांनी उचलून गाडीच्या टपावर टाका. उथळ आणि वळणावळणाच्या पाण्यात डिंगी तिच्यापुढे अवघडून जाते. ती वेगात डिंगीला हरवणार नाही, पण त्या पाण्यात शर्यत लावतोय कोण?

गर्दी कुठे गेली

१९३८ मध्ये चौदा फुटी डिंगीवाल्यांनी कनूच्या फळीला जवाब दिला. फालमथच्या शर्यतीत जॉन विंटर आणि पीटर स्कॉट यांनी डोलकाठीवरून दोर सोडला आणि त्याला लटकून स्कॉट काठावर पाय रोवून आडवा झाला. (हाच पीटर स्कॉट पुढे पक्षीअभ्यासक म्हणून गाजला; डब्ल्यूडब्ल्यूएफचा पांडा त्याने काढलेला.) शर्यत जिंकली, आणि ही युक्ती त्या वर्गात लगेच बंद पाडली गेली. पण बाटलीतून निघालेलं भूत परत जात नाही. युद्धानंतरच्या नव्या डिंग्यांनी तो दोर उचलला आणि ट्रॅपीझ म्हणून तो रूढ झाला. फळी नको, तिचं वजन नको, अडगळ नको. कमरेला पट्टा आणि एक आकडा. कनूचा सगळ्यात मोठा फायदा रुंद डिंगीला जवळपास फुकटात मिळाला.

पण माझ्या मते गर्दी वळली ती याने नव्हे, प्लायवुडने. युद्धानंतर सपाट, जलरोधक प्लायवुडचे तक्ते स्वस्त झाले. सपाट तक्ते कोनात जोडून रुंद डिंगी घरच्या अंगणात बांधता येते. कनूचा गोलसर बारीक सांगाडा तसा बांधणं कसबी सुताराचं काम. १९५६ मध्ये जॅक होल्टची एंटरप्राइझ आली, काही वर्षांत लाल शिडाची मिरर आली, आणि माणसं गॅरेजमध्ये होड्या जोडू लागली. एंटरप्राइझ आपल्याकडेही पोचली आणि भारतात शिडाचं शिक्षण घेतलेल्या कितीतरी जणांची ती पहिली होडी ठरली. १९७१ मध्ये ब्रूस कर्बीची लेझर आली आणि एकट्या माणसासाठी कनूच हवी, हा उरलासुरला युक्तिवादही सैल पडला. ७.०६ चौरस मीटरचं एकच शीड, ना जिब, ना फळी. उलटली तर सरळ करून पुन्हा बसायचं. कनूपेक्षा ती हळू आहे, पण तिच्या दोन लाखांहून जास्त प्रती निघाल्या आणि १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. दहा चौरस मीटरची कनू ऑलिम्पिकला कधीच गेली नाही.

यात शिकवण्याचाही प्रश्न आहे. डिंगीत शिकवणारा शेजारी बसू शकतो. चुकीची दोरी ओढली तर हात धरू शकतो. कनूत नवखा एकटा, आणि शिकवणारा दुसऱ्या बोटीतून ओरडतोय. ज्या होडीत नवशिक्याला बसवता येत नाही तिचा क्लब वाढणार कसा? १९८२ च्या आशियाई खेळांतलं नौकानयन मुंबईत झालं, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर कारंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. फायरबॉल ही ट्रॅपीझवाली दोघांची डिंगी. एकाने दुसऱ्याला ओढत वर नेणं तिच्यात घडू शकतं, कनूत नाही.

म्हणून पवना किंवा खडकवासल्यासारख्या पाण्यावर पहिली होडी घेऊ पाहणाऱ्याने मला विचारलं, तर मी डिंगी सांगेन, तीही जुनी, कुणी वापरलेली. घरात कुणी शिडाला हात लावणारं नसेल आणि मन एकटं फिरण्यात रमत असेल तर फळी नसलेली फिरस्तीची कनू. शर्यतीची कनू मात्र पाच-सहा हंगाम डिंगीत काढलेल्या, पोहायला न कंटाळणाऱ्या आणि शक्यतो तिशीच्या आतल्या माणसासाठी. तो एकदा तिच्यावर नीट बसला की पुन्हा डिंगीत रमणं कठीण, हेही सांगून ठेवतो.

फॉक्सने स्वतः याबाबत काय केलं त्याचा एक पुरावा युद्धकाळात सापडतो. समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी त्याने विमानातून पॅराशूटने टाकायची जीवरक्षक होडी आखली. १९४३ मध्ये ती कामाला आली. आत बसणाऱ्यांनी आयुष्यात कधी शीड पाहिलेलं असेलच असं नव्हतं. तिच्या दोन्ही टोकांना आपोआप फुगणारे हवेचे कप्पे होते, म्हणजे उलटी पडली तरी सरळ व्हावी. इंजिन होतं, शिडं होती, ती कशी लावायची ते सांगणारी पुस्तिका होती. सरकती सीट नव्हती.